२३ एप्रिलचे दिनविशेष : शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस खरोखर एकाच दिवशी गेले का?

फलकलेखक

नमस्कार. एका लहान ग्रंथालयाच्या दारातील काळ्या फलकावर रोजचे दिनविशेष लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. फलक जेमतेम तीन फूट रुंद असल्याने तारीख आणि वार लिहून झाल्यावर सहा-सात ओळींचीच जागा उरते, त्यामुळे काय लिहावे यापेक्षा काय गाळावे याचाच विचार अधिक करावा लागतो.

यंदाच्या २३ एप्रिलला मी दरवर्षीप्रमाणे पहिली ओळ लिहिली : ‘जागतिक पुस्तक दिन. १६१६ साली याच दिवशी शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस या दोन थोर लेखकांचे निधन.’ रोज येणारे एक ज्येष्ठ वाचक फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी अगदी शांतपणे मला सांगितले, की या दोघांच्या मृत्यूंमध्ये किमान दहा दिवसांचे अंतर आहे आणि त्यांपैकी एकाची तारीखही बहुधा २३ नाही. मी ती ओळ एका दिनविशेषांच्या संग्रहातून घेतली होती. घरी येऊन आणखी तीन संग्रह पाहिले, तर तिन्हींत तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत होते. एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले असे दिसते, म्हणजे चार ठिकाणी छापलेले असले तरी साक्षीदार एकच.

माझ्या शंका अशा आहेत. मुळात खरे काय आहे? तारीख चुकीची असेल, तर तिच्यावर उभा असलेला पुस्तक दिनही चुकीच्या पायावर उभा आहे असे मानायचे का? आणि शेवटची शंका नेहमीचीच आहे : माझ्या वहीत २३ एप्रिलच्या नावावर चाळीसहून अधिक नोंदी जमल्या आहेत, त्यांत राज्याभिषेक आहेत, लढाया आहेत, बव्हेरियातील १५१६ चा बिअरसंबंधीचा कायदाही आहे. त्यांतून सहा ओळी कोणत्या कसोटीवर निवडायच्या?

कालगणना

तुमच्या वाचकांचे म्हणणे बरोबर आहे. इंग्लंडचे शेक्सपिअर आणि स्पेनचे सर्व्हान्तेस यांच्या तारखा कागदावर सारख्या दिसतात, पण त्या दोन वेगवेगळ्या दिनदर्शिकांतल्या आहेत.

जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीत वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे धरले जात असे. प्रत्यक्ष सौर वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. एवढीशी चूक कोणाच्या आयुष्यात जाणवणारी नाही, परंतु साधारण १२८ वर्षांत तिचा एक पूर्ण दिवस होतो, आणि सोळाव्या शतकापर्यंत ती इतकी साचली, की २१ मार्चला अपेक्षित असलेला वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होण्याची वेळ) ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. ईस्टरची तारीख या संपातावरून ठरत असल्याने चर्चला हे दुर्लक्षून चालणार नव्हते. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये नवी, म्हणजे ग्रेगोरियन पद्धत लागू केली आणि साचलेले दहा दिवस एकदम गाळले : गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. वारांची साखळी मात्र कोठेही तुटली नाही. (आविला येथील संत तेरेसा यांचा मृत्यू नेमका त्या ४ ऑक्टोबरच्या रात्री झाला आणि त्यांचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरला पाळला जातो. हे अंतर पाहून अनेकांना मुद्रणदोष वाटतो, पण तो नाही.)

स्पेनने ही सुधारणा लगेच स्वीकारली. इंग्लंडने पोपच्या आदेशाने दिनदर्शिका बदलण्यास नकार दिला आणि तो नकार १७० वर्षे टिकला. तेथे बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. तोपर्यंत दहाऐवजी अकरा दिवस गाळावे लागले, कारण १७०० हे वर्ष ज्युलियन पद्धतीत लीप होते आणि ग्रेगोरियन पद्धतीत नव्हते.

आता १६१६ कडे या. इंग्लंडमध्ये २३ एप्रिल होता तेव्हा माद्रिदमध्ये ३ मे उजाडलेला होता. हे कोणालाही घरबसल्या पडताळता येते. ग्रेगोरियन दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी वारांसह जशीच्या तशी फिरून येते, त्यामुळे मोबाइलमधील दिनदर्शिकेत २०१६ चा एप्रिल उघडला, की १६१६ सालच्या स्पेनचा एप्रिल समोर येतो. त्यात २३ तारखेला शनिवार आहे. शेक्सपिअरचा २३ एप्रिल शोधण्यासाठी त्याच दिनदर्शिकेत ३ मे पाहा : तो मंगळवार आहे. ज्या दोन दिवसांचे वारच निराळे आहेत, ते एक दिवस असू शकत नाहीत.

अशाच जातीचे आणखी एक वाक्य संग्रहांत हमखास सापडते : ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला.’ गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, तोही इटलीतल्या ग्रेगोरियन पद्धतीने. न्यूटनचा जन्म इंग्लंडमधील २५ डिसेंबर १६४२ चा, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीने ४ जानेवारी १६४३. दोघांना एकाच मापाने मोजले, तर ‘त्याच वर्षी’ हे शब्द गळून पडतात.

लिहिताना एक साधी पद्धत पाळता येईल. १५८२ पूर्वीच्या तारखा ज्युलियनच ठेवाव्यात, कारण तेव्हा पश्चिम युरोपात दुसरी पद्धतच नव्हती. तुमच्या वहीतला १५१६ चा कायदा किंवा आयर्लंडमधील क्लॉनटार्फची १०१४ सालची लढाई बदलण्याचे कारण नाही. त्यानंतरच्या तारखांसाठी त्या त्या देशात त्या वेळी जी तारीख चालू होती ती लिहावी आणि ती जुन्या पद्धतीची असेल तर तसे नोंदवावे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक २३ एप्रिल १६६१ चा आहे, तोही जुन्या पद्धतीचाच.

जुन्या_नोंदी

वर दिनदर्शिकेचा उलगडा चांगला झाला आहे. मला पुराव्याविषयी लिहायचे आहे, कारण तारीख कोणत्या पद्धतीची आहे याआधी ती आली कोठून हे विचारायला हवे.

सर्व्हान्तेस यांच्याबाबत माद्रिदमधील सान सेबास्तियान या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदवहीत २३ एप्रिल १६१६ ही तारीख आहे. अशा नोंदी दफनाच्या दिवशी होत असत, त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक त्यांचा मृत्यू शुक्रवार २२ एप्रिलचा मानतात. त्यांचे शेवटचे दिवस आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहेत, कारण आपल्या अखेरच्या कादंबरीची अर्पणपत्रिका त्यांनी १९ एप्रिलला लिहिली आणि आदल्या दिवशी आपल्याला मरणापूर्वीचा अंतिम अभ्यंग हा ख्रिस्ती विधी देण्यात आला, हे तिच्यातच सांगितले. मृत्यू उंबऱ्याशी आलेला असताना लिहिलेला आणि त्यावर तारीख असलेला असा कागद फार थोड्या लेखकांचा मागे राहिला आहे. फलकावर जागा असेल त्या वर्षी ही १९ एप्रिलचीच नोंद लिहावी असे मी आग्रहाने सुचवीन.

शेक्सपिअरची स्थिती वेगळी आहे. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदवहीत २५ एप्रिल १६१६ ला दफन आहे. २३ ही मृत्युतिथी आपल्याला त्याच चर्चमधील भिंतीवरच्या स्मारकावरून मिळते, जेथे वर्ष, तारीख आणि वय कोरलेले आहे. हा पुरावा भक्कम आहे. जन्माचा मात्र तसा नाही. नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची. २३ एप्रिल हा जन्मदिवस अंदाजाने धरलेला आहे. तो मृत्यूच्या तारखेशी जुळतो आणि इंग्लंडचे संरक्षक संत जॉर्ज यांच्या दिवशी येतो, म्हणून लोकांना तो प्रिय झाला. ‘जन्मदिनीच निधन’ असे ठाम विधान करू नये. ‘परंपरेने मानलेला जन्मदिवस’ असे लिहावे.

त्याच दिवशी आपला जन्म झाला असे चित्रकार टर्नरही सांगत असत. त्यांच्याही बाबतीत हाती असलेली नोंद १४ मे १७७५ च्या बाप्तिस्म्याची आहे. मोठी तारीख जवळपास असली, की आजूबाजूच्या तारखा तिच्याकडे सरकू लागतात, हे दिनविशेष लिहिणाऱ्याने कायम लक्षात ठेवावे.

पुस्तकवेडी

तुमच्या दुसऱ्या शंकेला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पुस्तक दिनाचा पाया खोटा ठरत नाही, कारण तो एका योगायोगावर उभा नाही.

या दिवसाची सुरुवात स्पेनमध्ये झाली. बार्सिलोनातील लेखक-प्रकाशक विसेंत क्लावेल यांच्या पुढाकाराने तेथे १९२६ मध्ये पहिला पुस्तक दिन झाला, आणि तो एप्रिलमध्ये नव्हता. सर्व्हान्तेस यांचा जन्मदिवस समजून ७ ऑक्टोबर ही तारीख धरलेली होती. १९३० मध्ये तो २३ एप्रिलला हलवला गेला, जी सर्व्हान्तेस यांची मृत्युतिथी समजली जात होती. तोच कॅटालोनियात सान्त जोर्दी, म्हणजे संत जॉर्ज यांचा दिवस होता. तेथे त्या दिवशी गुलाब देण्याची प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे. गुलाबाशेजारी पुस्तक आले आणि दोन्ही एकत्र रुजली. युनेस्कोने १९९५ मध्ये पॅरिस येथील सर्वसाधारण परिषदेत हा दिवस ‘जागतिक पुस्तक आणि स्वामित्वहक्क दिन’ म्हणून स्वीकारला, तेव्हा शेक्सपिअर, सर्व्हान्तेस आणि पेरूचे इन्का गार्सिलासो द ला व्हेगा यांची नावे त्या तारखेशी जोडली गेली. तिसरे नाव आपल्याकडच्या संग्रहांत जवळजवळ कधीच दिसत नाही, याची मला मनापासून खंत वाटते, कारण स्पॅनिश पिता आणि इन्का राजघराण्यातील माता यांच्या पोटी जन्मलेल्या या लेखकाने इन्कांचा इतिहास स्पॅनिश भाषेत लिहून ठेवला.

म्हणजे घटना वेगळी आणि पाळणूक वेगळी. घटनेची तारीख खरी किंवा खोटी असते. पाळणुकीची तारीख माणसे एकत्र येऊन ठरवतात आणि ती ठरवली म्हणूनच खरी असते. १९१७ च्या रशियन क्रांतीला सगळे ‘ऑक्टोबर क्रांती’ म्हणत आणि तिचा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला साजरा करत, त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही, कारण जुन्या पद्धतीचा २५ ऑक्टोबर म्हणजेच नवा ७ नोव्हेंबर. पुस्तक दिनाचे पाहायचे, तर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तो मार्चच्या पहिल्या गुरुवारी होतो. संत जॉर्ज यांचा दिवसही बल्गेरियात ६ मे रोजी असतो, कारण ज्युलियन २३ एप्रिल आज त्या तारखेला पडतो.

तुमच्या फलकावरचे ‘जागतिक पुस्तक दिन’ हे शब्द पूर्णपणे बरोबर होते. दुरुस्ती हवी ती त्यापुढच्या वाक्यात. युनेस्कोने २००१ पासून दरवर्षी एका शहराला जागतिक पुस्तक राजधानीचा मान देण्यास सुरुवात केली आणि तो मान २३ एप्रिललाच सुरू होतो. पहिले शहर माद्रिद होते आणि २००३ मध्ये तो दिल्लीला मिळाला. ही एक ओळ त्या योगायोगाच्या जागी शोभून दिसेल.

वाचनघर

निवडीविषयी. मीही अनेक वर्षे असा फलक लिहिला आहे, म्हणून अनुभवाने सांगते.

चाळीस नोंदींतून सहा काढताना ‘महत्त्वाची कोणती’ असे विचारून मला कधीच उत्तर मिळाले नाही. प्रत्येक नोंद कोणाला तरी महत्त्वाची असते. ‘कोणत्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर वाचणारा थांबेल’ असे विचारू लागल्यावर काम सोपे झाले. तुमच्याच तारखेचे उदाहरण घेते, आणि त्यातही एकच वर्ष : १८५८.

२३ एप्रिल १८५८ रोजी जर्मनीतील कील शहरात माक्स प्लांक यांचा जन्म झाला. ऊर्जा अखंड प्रवाहाने नव्हे, तर ठरावीक पुंजांनी दिली-घेतली जाते, ही कल्पना त्यांनी १९०० मध्ये मांडली आणि त्यातून पुंजभौतिकीचा आरंभ झाला. त्याच दिवशी, त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी विरोध सोसून पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, आणि पुढे रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढले, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. आणि त्याच दिवशी बिहारमधील जगदीशपूरजवळ ऐंशीच्या घरातल्या कुंवरसिंह यांनी कंपनीच्या सैन्याचा पराभव केला. तीन दिवसांनी, २६ एप्रिलला, ते वारले.

या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि जोडून दाखवण्याचा प्रयत्नही करू नये. पण १८५७ चा उठाव शाळेच्या पुस्तकात एका प्रकरणात असतो, प्लांक भौतिकशास्त्रात असतो आणि रमाबाई समाजसुधारकांत. ते सगळे एकाच सूर्योदयाखाली घडत होते, हे फक्त दिनविशेषाच्या फलकावरच दिसते. मी ही तीन नावे एकाखाली एक लिहिली, त्या दिवशी एक शाळकरी मुलगी बराच वेळ फलकासमोर उभी होती आणि शेवटी तिने वहीत १८५८ एवढेच लिहून घेतले. दिनदर्शिकेची अडचणही येथे नाही, कारण जर्मनी आणि ब्रिटिश अंमल, दोन्हीकडे तोपर्यंत एकच पद्धत होती.

दुसरी गोष्ट अशी, की जयंत्या आणि पुण्यतिथ्या यांनीच फलक भरू देऊ नका. जन्मताना कोणी काही केलेले नसते. त्या दिवशी माणसांनी जे केले त्याला जागा द्या. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाली सैनिकांनी गोळ्या झाडण्यास नकार दिला. त्यासाठी त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. मी असते तर हीच ओळ सर्वांत वर लिहिली असती. १९२० साली याच तारखेला अंकारा येथे तुर्कस्तानची राष्ट्रीय सभा भरली आणि तो दिवस आज तेथे राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा आणि मुलांचा दिवस म्हणून साजरा होतो, हीही त्याच प्रकारची नोंद.

राज्याभिषेक गाळा. बिअरचा कायदा लोकांना आवडतो, पण तो एखाद्या हलक्या दिवसासाठी राखून ठेवा.

दोन_घड्याळे

एक लहान भर. दिनदर्शिका एक झाल्यावरही तारखांचा घोळ संपलेला नाही, कारण घड्याळे वेगळी आहेत.

यूट्यूबवरची पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची म्हणून सगळीकडे नोंदली जाते. जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे आहेत, एवढीच १९ सेकंदांची ती चित्रफीत आहे. ती चढवली गेली तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २३ एप्रिलची रात्र, साडेआठच्या सुमाराची वेळ होती, पण ग्रिनिचला २४ तारीख लागून गेली होती आणि भारतात २४ ची सकाळ होती. उलट, व्लादिमीर कोमारोव्ह यांना घेऊन सोयुझ-१ हे यान २३ एप्रिल १९६७ च्या पहाटे निघाले, तेव्हा अमेरिकेत अजून २२ एप्रिलची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी परतताना हवाई छत्री नीट न उघडल्याने यान कोसळले आणि कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. दोन्ही नोंदींना मी घटनास्थळाची तारीख धरतो आणि ते पुरेसे आहे असे मला वाटते.

फलकलेखक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. २०१६ चा एप्रिल मी लगेच उघडून पाहिला. शनिवार आणि मंगळवार डोळ्यांसमोर आल्यावर आणखी काही विचारावेसे वाटले नाही. आमच्या त्या ज्येष्ठ वाचकांनाही तो दाखवला, तेव्हा त्यांनी एक शब्दही न बोलता माझ्या हातात खडू दिला.

पुढच्या वर्षीच्या २३ एप्रिलसाठी वहीत आताच हा मजकूर उतरवून ठेवला आहे :

‘जागतिक पुस्तक आणि स्वामित्वहक्क दिन (युनेस्को, १९९५).
१६१६ : विल्यम शेक्सपिअर यांचे निधन (इंग्लंडमधील जुनी पद्धत, आजच्या पद्धतीने ३ मे).
१६१६ : मिगेल द सर्व्हान्तेस यांचे निधन, माद्रिद.
१८५८ : पंडिता रमाबाई आणि माक्स प्लांक यांचा जन्म, जगदीशपूरजवळ कुंवरसिंह यांचा विजय.
१९३० : पेशावर येथे गढवाली सैनिकांचा गोळीबारास नकार.’

आणि १९ एप्रिलच्या पानावर सर्व्हान्तेस यांच्या अर्पणपत्रिकेची नोंद केली आहे.

जुन्या_नोंदी

मजकूर उत्तम आहे. तिसऱ्या ओळीतील ‘निधन’ हा शब्द तेवढा बदलावा आणि तेथे ‘दफनाची नोंद’ असे लिहावे. निधनाची ओळ आदल्या दिवशी, २२ एप्रिलच्या फलकावर घ्यावी. दोन्ही दिवस वाचणाऱ्याला ती पुन्हा लिहिल्यासारखी वाटणार नाही.

फलकलेखक

बदलले.